बकरीला एपिड्युरल द्यायचंय? आधी ही तयारी करून घ्या

एपिड्युरल म्हणजे मागचा भाग सुन्न करायला मणक्यात दिलेलं इंजेक्शन, आणि ही तयारी ते देणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे. सगळ्यात आधी वजन, आणि ते अंदाजानं नाही, काट्यावर. गायी-म्हशीत एखादा मिली इकडंतिकडं झाला तर निभावून जातं, पण २५ किलोच्या बेरारी बकरीत तोच मिली जिवावर येतो. अडलेली बकरी पोत्यात घालून लटकवू नका, घरच्या माणसाला ती कडेवर घेऊन धान्याच्या काट्यावर उभं करा अन् त्याचं वजन वजा करा, दोन मिनिटांचं काम आहे. आकडा हातावर लिहा.

मग हिशोब, तोही सिरींज उघडायच्या आधी. सुन्न करणारं औषध लिग्नोकेन, ते २ टक्के म्हणजे एका मिलीत २० मिग्रॅ, आणि बकरीला सगळं मिळून किलोमागं ५ मिग्रॅच्या वर जायचं नाही असं मी धरून चालतो. म्हणजे २५ किलोला १२५ मिग्रॅ, सहा मिलीच्या थोडंसं वर, बस. आता सिझेरियनसाठी कमरेत दिलं, दर ५ ते ७ किलोला १ मिली या हिशोबानं ४ मिली गेले, तर कुशीला टाका मारायच्या जागी भरायला तुमच्याकडं दोनच मिली उरले! तिथंच नवीन पोरं चुकतात, कमरेचं वेगळं मोजतात आणि कुशीचं वेगळं. कुशीला लागणारं औषध सलाइन टाकून १ टक्क्याचं करून घ्या, तेवढ्याच औषधात दुप्पट जागा भिजते. आणि लिग्नोकेन साधं पाहिजे, अॅड्रिनॅलिनवालं नको, बाटली नवी सीलबंद, प्रिझर्वेटिव्ह नसलेली मिळाली तर उत्तमच. मे महिन्यात ती गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, अकोल्याकडचं ऊन माहीत आहे ना.

कुठं द्यायचं ते घरूनच ठरवून निघा. अंग बाहेर आलंय, पिल्लू अडकलंय, शेपटीकडचं काम आहे तर शेपटीच्या मुळाशी १ ते २ मिली पुरतं, बकरी उभी राहते. शेपटी खालीवर हलवून बघा, जो पहिला सांधा हलतो तिथं बोट ठेवा, जागा तीच. पोट उघडायचंय किंवा मागच्या पायाचं काम आहे तर कमरेत, दोन्ही कुल्ल्यांच्या हाडांच्या मधोमध, कमरेच्या शेवटच्या मणक्यामागं बोटाला खोलगट लागतं. मागचे पाय पोटाकडं पुढं ओढून धरले की ते उघडतं, म्हणून पाय धरणारा माणूस आधीच तयार पाहिजे. अंगावरचा केस वस्तऱ्यानं नाही, क्लिपरनं काढा, आयोडीन, स्पिरिट, पुन्हा आयोडीन, आणि हातात स्टराइल ग्लोव्हज. त्या जागी फोड किंवा पू असेल, बकरी शॉकमध्ये असेल, अंगात विष पसरलं असेल, तर एपिड्युरल नाहीच, दुसरा मार्ग धरा.

सुई २० किंवा २२ नंबरची, दीड इंच, पण मोठ्या अंगाच्या बकरीसाठी स्पायनल नीडलही बॅगेत असू द्या. सुई आत गेल्यावर तिच्या तोंडावर सलाइनचा थेंब ठेवा, आत ओढला गेला तर जागा बरोबर. तरी सिरींज लावून मागं ओढून बघायचंच: रक्त आलं तर सुई काढून पुन्हा, आणि पाण्यासारखं स्वच्छ आलं तर सुई आणखी आत गेलीय, तेव्हा तो पूर्ण डोस द्यायचा नाही, काढून घ्या नाहीतर अर्ध्यावर आणा. औषध हळूहळू सोडा.

झायलाझिनबद्दल, म्हणजे गुंगीच्या औषधाबद्दल, जरा थांबून सांगतो, कारण बकरीला ते फार लवकर चढतं. एपिड्युरलमध्ये किलोमागं ०.०५ मिग्रॅ धरलं तर ३० किलोला दीड मिग्रॅ, मिलीला २० मिग्रॅच्या बाटलीतून ०.०७५ मिली, हे ५ मिलीच्या सिरींजमध्ये दिसणारही नाही. इन्सुलिनची सिरींज घ्या, ४० युनिटवाली, त्यात ते ३ युनिट होतं. घोड्याची १०० मिग्रॅवाली बाटली याच बॅगेत असेल तर ती आधी बाजूला काढा. गाभण बकरीला मी झायलाझिन देत नाही.

कमरेचं द्यायचं असेल तर आधी मानेच्या व्हेनमध्ये कॅथेटर लावून आरएल (रिंगर लॅक्टेट सलाइन) चालू करा, कारण एपिड्युरलनं बीपी खाली येतं. झटके थांबवणारं डायझेपाम भरून टेबलावर ठेवा, लिग्नोकेन चढून अंग झटके द्यायला लागलं तर शोधत बसायला वेळ नसतो. ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर १२ ते २४ तास चारा बंद हे आदल्या दिवशीच फोनवर सांगा, पिल्लांना मात्र इतकं उपाशी ठेवायचं नाही, आणि इमर्जन्सीत उपवासाचा प्रश्नच नाही, तेव्हा पोट फुगलं तर सोडायची नळी हाताशी पाहिजे. डोकं असं ठेवा की लाळ बाहेर पडेल.

आणि घरच्यांना आधी बोला. "काकाजी, दोन-एक तास बकरी मागच्या पायांवर उभी राहणार नाही, ती लुळी झाली नाही, औषधाचा असर आहे, ओढून उठवू नका." एवढं सांगितलं नाही ना, तर माणूस तिला शेपटीला धरून उभी करतो. जागा सिमेंटची गुळगुळीत नको, कुटार जाड अंथरून त्यावर बारदान, बकरी छातीवर टेकलेली, थंडीत अंगावर गोधडी. पिल्लू जवळ ठेवा पण तिच्या अंगाखाली जाणार नाही इतकं लांब. लघवी केली का ते विचारा. लिग्नोकेन उतरायच्या आतच दुखणं कमी करणारं मेलॉक्सिकॅम द्या म्हणजे दुखणं एकदम उसळत नाही.

बकरीवाल्यांनी हे घरी करून बघायचं काम नाही, सुई मणक्यापाशी जाते, रजिस्टर्ड डॉक्टरच पाहिजे, १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन करा नाहीतर दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी निघताना चिठ्ठीवर वजन, औषधं, डोस, वेळ लिहून द्यायची, दूध कधीपासून घरात वापरायचं तेही, आणि संध्याकाळी फोन करून बकरी उठली का विचारायचं.