अंटार्क्टिकाच्या छोट्या जहाजावर वरच्या श्रेणीची केबिन
अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआइया बंदरातून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या शे-दोनशे प्रवाशांच्या जहाजावर केबिनच मोजक्या असल्यामुळे, आयत्या वेळी फुकटात वरची श्रेणी मिळेल या भरवशावर राहू नये. त्याऐवजी आरक्षण करतानाच ‘गॅरंटी’ केबिनची चौकशी करावी. तीत श्रेणीची हमी मिळते, क्रमांक मात्र कंपनी नंतर ठरवते, आणि स्वस्त श्रेणी भरून वाहू लागली की काहींना त्याच पैशांत वर सरकवले जाते. आवडीचा क्रमांक आधीच पक्का करणाऱ्याला सहसा कोणी हलवत नाही. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी कोणत्या केबिन रिकाम्या आहेत आणि फरकाची रक्कम किती, हे एजंटमार्फत लेखी विचारावे. जहाजावर चढल्यावर हाच प्रश्न केबिन-जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या हॉटेल मॅनेजरला बाजूला गाठून विचारता येतो.

अर्थात वरची केबिन म्हणजे चांगलीच, असे नाही. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला ड्रेक पॅसेज हा समुद्र ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात आणि तिथल्या लाटांत वरचे मजले व नाळेकडचा (पुढच्या टोकाचा) भाग सर्वांत जास्त हलतो. ज्याला बोट लागते, त्याने बाल्कनीसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिनच धरून ठेवावी. खवळलेल्या समुद्रात तिची गोल खिडकी धातूच्या झाकणाने बंद करतात, एवढे मात्र गृहीत धरावे.