निन्ह बिन्हला उतरलो आणि हिरमोड झाला

हनोईहून रेल्वेने साधारण सव्वादोन तासांत व्हिएतनाममधल्या निन्ह बिन्हला उतरलो, मी आणि आई. फोटोंत पाहिलेले चुनखडीचे डोंगर आणि भातखाचरांतून वाहणारी नदी डोक्यात होती. समोर मात्र रुंद रस्ता, ट्रकची धूळ, बंद शटरं. खोलीच्या खिडकीबाहेर भिंत. आई काही बोलली नाही, पण तिने बॅगेची चेनही उघडली नाही. ते बघून मला फार वाईट वाटलं.

रात्री नकाशा नीट पाहिला तेव्हा चूक कळली. मी शहराचं नाव बघून खोली घेतली होती. डोंगर-नदी आहेत ताम कॉक आणि त्रांग आनला, शहरापासून काही किलोमीटरवर. (त्रांग आन 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहे.) दुसऱ्या रात्रीचे पैसे गेले तर जाऊ देत म्हटलं आणि सकाळीच टॅक्सीने ताम कॉक गावात मुक्काम हलवला. तुम्ही जाणार असाल तर खोली तिथेच घ्या, स्टेशनजवळ नको.

आईच्या जेवणाचा प्रश्न 'आन चाय' या दोन शब्दांनी सुटला, म्हणजे शाकाहारी. फोनवर लिहून दाखवलं की भात, टोफू आणि लसूण घातलेली हिरवी पालेभाजी यायची.

दुपारी नावेत बसलो. वल्हवणाऱ्या बाईंनी मागे रेलून दोन्ही तळवे वल्ह्यांवर टेकवले. आई माझा हात धरून म्हणाली, "अगं बघ, पायांनी वल्हवतायत!"