बासच्या मासेमारीत या चुका टाळा: आमिष बदलण्याआधी खोली आणि गाठ तपासा

बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाला लागत नाही असे दिसले की नवशिका मासेमार सर्वांत आधी आमिष बदलतो. मऊ प्लॅस्टिकच्या किड्याच्या जागी माशाच्या आकाराचा कठीण क्रँकबेट येतो, मग फिरती पाती असलेला स्पिनरबेट, मग पृष्ठभागावर बुडबुडत चालणारा पॉपर. दुपारपर्यंत पेटीतले निम्मे सामान ओले झालेले असते आणि बोटीतली माशांची टाकी मात्र रिकामीच असते. माझ्या पाहण्यात अशा दिवसांपैकी बहुतेकांत दोष आमिषाचा नसतो. आमिष चुकीच्या खोलीवर फिरत असते, नाहीतर लागलेला मासा गाठीपाशी किंवा लाइनपाशी (गळाच्या दोरीपाशी) सुटून जात असतो. १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या जातीच्या) बासच्या विक्रमाची बरोबरी थेट २००९ साली, जपानच्या बिवा सरोवरात, मानाबू कुरिता यांनी केली, आणि तीही जिवंत ब्लूगिल हा छोटा मासा आमिष म्हणून वापरून. मधल्या ७७ वर्षांत दुकानांतली आमिषांची कपाटे किती भरली असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. पुढचे विवेचन मुख्यतः अमेरिकेतल्या धरणांच्या जलाशयांतील लार्जमाउथला धरून आहे. स्मॉलमाउथ या बासच्या दुसऱ्या जातीला अधिक थंड, स्वच्छ आणि खडकाळ पाणी मानवते.

उन्हाळ्यात मासा तळाशी जातो, हा अर्धाच समज

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे, कारण ती अज्ञानातून कमी आणि ऐकीव ज्ञानातून अधिक होते. वसंत ऋतूत ऊन वाढू लागले की वरचे पाणी तापून हलके होते आणि खालचे थंड, जड पाणी जागीच राहते. पुरेशा खोल जलाशयात त्यामुळे उन्हाळ्यात तीन थर तयार होतात: वर उबदार पाणी, खाली थंड पाणी, आणि या दोहोंच्या मध्ये काही फुटांतच तापमान झपाट्याने उतरते असा पट्टा, ज्याला थर्मोक्लाइन म्हणतात. या पट्ट्याखालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. तळाशी साचलेली पाने, शेवाळ आणि मृत जीव कुजत राहतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात, आणि गाळाने व खतांनी समृद्ध झालेल्या जलाशयात ऑगस्टपर्यंत तळाशी जवळजवळ प्राणवायूच उरत नाही. एका लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅमच्या खाली प्राणवायू गेला की बास अस्वस्थ होतो आणि त्याहून बराच खाली गेला की ती जागाच सोडतो. म्हणजे उन्हाळ्यात मासा खोल जातो हे खरे, पण त्याच्या खोलीला एक जमीन असते आणि ती तळाच्या बरीच वर असू शकते.

माझे एक स्नेही नवे सोनार यंत्र बसवलेली बोट घेऊन ऐन ऑगस्टमध्ये दक्षिणेकडच्या एका जलाशयावर आले होते. नकाशावर त्यांनी बुडालेल्या जुन्या नदीपात्राच्या काठचा एक उंचवटा आधीच हेरून ठेवला होता, आणि त्याचा माथा ३५ फुटांवर होता. सकाळभर त्यांनी त्या माथ्यावर जड जिग (शिशाचे डोके असलेला गळ) सोडली, मग ड्रॉप शॉट (खाली वजन, त्याच्या वर गळ) लावला, मग रंग बदलले, मग वजने बदलली. मी दोनदा सुचवले की यंत्राची संवेदनशीलता वाढवून सबंध पाण्याचा उभा छेद एकदा पाहावा. त्यावर ते म्हणाले, "अहो, एवढ्या उन्हात मासा खोलच जाणार. सगळेच सांगतात." शेवटी दुपारच्या सुमारास त्यांनी संवेदनशीलता वाढवली, आणि पडद्यावर २२ फुटांपाशी धुरकट आडवी रेघ उमटली, तिच्या वर बारक्या माशांचे थवे होते आणि खाली काहीही नव्हते. त्यांचे आमिष सकाळपासून त्या ओसाड भागात लोंबकळत होते. आम्ही बोट हलवून एका लांब उतरत्या टोकाशी आणली, जेथे तळ १८ ते २० फुटांवर होता, आणि कॅरोलिना रिग (पुढे वजन, मागे लांब लाइनवर आमिष) सावकाश ओढत नेले. तासाभरात मासे लागू लागले. पकडताना वापरलेला किडा तोच होता, जो सकाळी निरुपयोगी ठरवून त्यांनी पेटीत परत टाकला होता. तरीही परतताना त्यांनी त्या किड्याची आणखी तीन पाकिटे मागवली, यावर मी काय बोलणार!

माझी सवय साधी आहे. पहिली फेक टाकण्याआधी मी जलाशयाच्या खोल भागावरून बोट नेतो, संवेदनशीलता वाढवून ती रेघ शोधतो आणि त्या खोलीच्या खाली त्या दिवशी आमिष सोडत नाही. यंत्र नसेल तर दर पाच फुटांवर खूण केलेल्या दोरीला तापमापक बांधून खाली सोडावा, प्रत्येक खुणेपाशी थोडा वेळ थांबून वर ओढावा. जेथे पारा एकदम घसरतो तेथे पट्टा आहे. काम कंटाळवाणे आहे, आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. मात्र उथळ, वाऱ्याने सतत घुसळल्या जाणाऱ्या तळ्यात किंवा जोरदार प्रवाह असलेल्या जलाशयात हा पट्टा नीट बनतच नाही, त्यामुळे तो सगळीकडे शोधत बसू नये.

शरद ऋतूत याच थरांची उलथापालथ होते. वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली बसू लागते, आणि अखेरीस वरचे व खालचे पाणी मिसळते. त्या दिवसांत पाण्याला कधी कधी सडका वास येतो, रंग मातकट किंवा हिरवट होतो, तळाची कुजलेली पाने वर तरंगताना दिसतात, आणि पडद्यावरची ती रेघ विरून जाते. मासे एका जागी न राहता विखुरतात. उतावळा मासेमार या वेळी तळे रिकामे झाले असे जाहीर करून घरी जातो. अशा वेळी मी मुख्य जलाशय सोडून ओढे येऊन मिळतात त्या उथळ खाड्यांच्या टोकांना जातो, कारण तेथील पाण्यात मुळात थर पडलेलेच नसतात. शिवाय थंडी वाढू लागताच शॅडसारखे बारके मासेही तिकडेच सरकतात आणि बास त्यांच्या मागे येतो.

गाठ आणि लाइन

मोठा मासा सुटला की सगळे सांगतात, लाइन तुटली. तुटलेले टोक हातात घेऊन पाहणारे थोडेच असतात. टोक डुकराच्या शेपटीसारखे पिळलेले दिसले तर लाइन तुटलेली नाही, गाठ सरकून सुटली आहे; टोक खरखरीत आणि पांढुरके असेल तर ती दगडावर किंवा शिंपल्यावर घासली आहे. ही दोन लक्षणे ओळखता आली तर निम्मे निदान झाले.

फ्लुरोकार्बन या पाण्यात कमी दिसणाऱ्या लाइनच्या बाबतीत कोरडी गाठ आवळणे हा अक्षम्य प्रकार आहे. घर्षणाच्या उष्णतेने लाइन त्याच जागी दुखावते, आणि वरून गाठ सुबक दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. गाठ ओली करावी, हळूहळू आवळावी, वेटोळे एकमेकांवर चढले असतील तर कापून पुन्हा बांधावी. मी जवळजवळ सगळीकडे पालोमर गाठ वापरतो, कारण ती थंडीने बधिर झालेल्या बोटांनीही बांधता येते. दहा गाठी अर्धवट येण्यापेक्षा एक पक्की येणे बरे. प्रत्येक माशानंतर, आणि खडकात अडकलेले आमिष सोडवल्यानंतर, शेवटची तीन-चार फूट लाइन बोटांच्या चिमटीतून ओढून पाहावी. किंचितही खरखर लागली तर तेवढी कापून टाकावी. शेजारच्या बोटीवरचे लोक या काटकसरीच्या अभावाला हसतात. त्यांना हसू द्यावे.

अनेक धागे विणून केलेल्या वेणीच्या लाइनची एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे की तिचे उत्तर आता पाठ झाले आहे: ड्रॅग (लाइन किती ओढीला सुटावी हे ठरवणारा रीलचा भाग) पूर्ण आवळला तरी जोराचा मासा लागताच लाइन निघत जाते, रील बिघडले असावे. एका तरुणाने याच कारणाने चांगले रील दोन वेळा दुरुस्तीला पाठवले होते. मी त्याला स्पूल (रीलमधले लाइन गुंडाळलेले चाक) अंगठ्याने घट्ट धरून लाइन ओढायला सांगितली, आणि स्पूल स्थिर असताना वेणीचा संपूर्ण गुंडाळा त्याभोवती फिरताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. वेणी गुळगुळीत असते आणि धातूच्या स्पूलला तिची पकड बसत नाही. आधी थोडी नायलॉनची मोनोफिलामेंट गुंडाळून तिला वेणी जोडावी, म्हणजे प्रश्न मिटतो. रील उघडण्याची गरजच नव्हती.

ड्रॅग अंदाजाने लावू नये. लाइनच्या भारक्षमतेच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा एवढ्या ओढीला तो सुटला पाहिजे, आणि हे स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजायला एक मिनिटही लागत नाही.

बेटकास्टिंग रीलवरचा गुंता

बेटकास्टिंग रीलमध्ये फेकीबरोबर स्पूलही फिरते; आमिषाचा वेग कमी झाला आणि स्पूल मात्र फिरतच राहिले की गुंता होतो, एवढेच त्याचे शास्त्र आहे. स्पूलच्या ताणाची चकती अशी लावावी की बटण दाबताच आमिष सावकाश खाली उतरेल आणि ते जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. ब्रेक सुरुवातीला जास्त ठेवावा. आणि आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणाआधी अंगठा स्पूलवर टेकवावा. आमिष बदलले की हे सगळे पुन्हा पाहावे लागते, आणि लोक नेमके हेच विसरतात. शिकताना अर्ध्या औंसाचे आमिष घ्यावे. हलके आमिष वाऱ्याविरुद्ध फेकून रीलला शिव्या देणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही, तसेच ब्रेक कायमचा पूर्ण लावून ठेवणाऱ्यांविषयीही नाही, कारण त्यांचा अंगठा कधीच शिकत नाही. गुंता साधा असेल तर लाइन हिसकू नये. स्पूल अंगठ्याने दाबून हँडल दोन-तीन वेळा फिरवावे आणि मग लाइन हलकेच ओढावी, बहुतेक वेळा ती मोकळी होते.

थोडक्यात उरकण्यासारख्या चुका

तीन टोकांचे बारीक गळ असलेल्या क्रँकबेटवर ताठ रॉड आणि वेणी वापरून जोराचा झटका देऊ नये, गळ ओठ फाडून निघतो. तेथे लवचीक रॉड आणि एका बाजूला सावकाश घेतलेली ओढ पुरते. जाड गळ मऊ आमिषात लपवलेल्या टेक्सास रिगला मात्र झटका हवाच.

दाट पाणवनस्पतींवर पोकळ बेडकाचे आमिष ओढताना पाणी फुटलेले दिसताच रॉड ओढू नये. माशाचे वजन जाणवेपर्यंत थांबावे.

गढूळ पाण्यात गडद किंवा भडक रंग आणि कंप देणारे आमिष, स्वच्छ पाण्यात फिके नैसर्गिक रंग आणि बारीक लाइन.

थंड वाऱ्याची लाट येऊन गेल्यावर आकाश निळेशार होते आणि मासेमारांना हुरूप येतो; बास मात्र त्या दिवशी झुडपाला किंवा ओंडक्याला चिकटून बसतो, म्हणून आमिष लहान असावे, हळू चालवावे आणि आडोशाला अगदी लागून टाकावे.

धरणाच्या जलाशयात पाणी चढत असेल तर नव्याने बुडालेल्या झुडपांकडे जावे, उतरत असेल तर उथळातून बाहेर पडताना लागणाऱ्या पहिल्या खोल कडेकडे. मागच्या आठवड्यातली यशस्वी जागा पाण्याची पातळी न पाहता पुन्हा गाठणारे लोक खूप आहेत, आणि ते तेथेच बसून राहतात.

पाण्याचे तापमान साधारण ६० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले की लार्जमाउथ अंडी घालायला उथळात येतो आणि नर घरट्यावर पहारा देतो. त्याला तेथून उचलून टाकीत ठेवून फिरवले तर तेवढ्या वेळात ब्लूगिल अंडी फस्त करतात. पकडलाच तर ताबडतोब, तेथेच सोडावा; कोठे काय चालते हे त्या त्या राज्याच्या नियमांत आधी वाचावे.

जड मासा केवळ खालच्या जबड्याला धरून आडवा लोंबवू नये. दुसरा हात पोटाखाली द्यावा, आणि तो हात ओला असावा.

बदललेले पाणी आणि बोटीतले पाणी

झेब्रा शिंपले १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत आढळले आणि तेथून पुष्कळ जलाशयांत पसरले. ते पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात, त्यामुळे पाणी नितळ होते, ऊन अधिक खोलवर पोहोचते आणि पाणवनस्पतीही पूर्वीपेक्षा खोलवर उगवू लागतात. असे पाणी ज्यांच्या ओळखीचे नाही ते जुन्या सवयीने जाड लाइन आणि भडक रंग घेऊन जुन्याच उथळ जागी बसतात. तेथे वनस्पतींची खोलवरची बाहेरची कड शोधावी, फेक लांब टाकावी, आणि शिंपल्यांच्या धारेने लाइन कापली जाते म्हणून वर सांगितलेली चिमटीची तपासणी दुप्पट करावी.

या शिंपल्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटीच्या टाकीत उरलेल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. "थोडेसे पाणी राहिले तर काय होते?" असे विचारणारा प्रत्येक धक्क्यावर एक तरी भेटतो. बोट पाण्याबाहेर येताच, धक्क्यावरच, तळाची बुचे काढून सगळे पाणी सोडून द्यावे, ट्रेलरला अडकलेल्या वनस्पती उपटून टाकाव्यात, टाकीचे पंप रिकामे होईपर्यंत चालवावेत, आणि दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी बोट पूर्ण वाळू द्यावी. वाळायला वेळ मिळणार नसेल तर गरम पाण्याने धुऊन घ्यावी. तेही होणार नसेल तर त्या दिवशी त्याच तळ्यावर परत जावे.