पर्ज व्हॉल्व्हचा कोड आला? व्हॉल्व्ह बदलण्याआधी वायर तपासा

पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजात स्कॅनर लावला की पी०४४३ हा बिघाडाचा कोड दिसतो आणि लगेच नवा पर्ज व्हॉल्व्ह मागवला जातो. पुष्कळदा थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा पेटतो. पी०४४३ ही तक्रार असते व्हॉल्व्हच्या सर्किटची. त्यात फ्यूज, रिले, दोन वायरी, सॉकेट, व्हॉल्व्हमधली कॉइल आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) एवढं सगळं येतं. नेमकं काय बिघडलंय हे डिजिटल मल्टीमीटर आणि १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प यांच्या जोरावर घरच्या पार्किंगमध्येही शोधता येतं.

आधी हा व्हॉल्व्ह करतो काय ते बघू. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत सुटू नये म्हणून ती कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये साठवतात. इंजिन गरम झालं की ईसीयू पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाच्या, ओढीने ती वाफ इंजिनात जाऊन जळते. बहुतेक गाड्यांत वीज नसताना व्हॉल्व्ह बंद असतो. इग्निशन ऑन केलं की त्याच्या एका पिनवर १२ व्होल्ट येतात. दुसऱ्या पिनला कंट्रोल वायरीतून ईसीयू अर्थिंग देतो, तेही सलग नाही, भराभर जोडत-तोडत. पुढची सगळी तपासणी एवढ्यावरच उभी आहे. (पीयूसी केंद्रावर फक्त सायलेन्सरमधला धूर मोजतात, त्यामुळे पीयूसी पास झाली म्हणून ही यंत्रणा धड आहे असं समजू नका.)

कोड नीट वाचा

पी०४४४ म्हणजे सर्किट तुटलेलं, पी०४४५ म्हणजे शॉर्ट. पी०४५८ आणि पी०४५९ हेही याच सर्किटचे: पहिला व्होल्टेज कमी असल्याचा, दुसरा जास्त असल्याचा. पी०४४१ मात्र वाफेच्या प्रवाहाचा कोड आहे. तो असेल तर आधी पाइप आणि व्हॉल्व्हची यांत्रिक बाजू बघा. कोड लिहून ठेवा, लगेच पुसू नका.

डोळ्यांनी आणि बोटांनी

काम मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करा; इथे पेट्रोलची वाफ असते, विडी-सिगारेट लांब. व्हॉल्व्ह साधारणपणे इनटेक मॅनिफोल्डजवळ सापडतो: दोन पाइप आणि दोन पिनांचं सॉकेट. सॉकेट काढून आत हिरवट गंज, वाकलेली पिन किंवा पाणी आहे का पाहा. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत हिरवी पडलेली पिन नेहमीची. वायर हलकेच ओढून बघा. वरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली असेल तर वायर रबरासारखी ताणली जाते. पावसाळ्यात उबेला बॉनेटखाली शिरलेल्या उंदरांनाही विसरू नका.

कॉइल मोजा

इग्निशन बंद, सॉकेट काढलेलं. मीटर २०० ओहमवर ठेवून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमध्ये मोजा. अनेक व्हॉल्व्ह २० ते ३० ओहमच्या आसपास असतात. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. दोन-तीन ओहम आले तर ती आतून शॉर्ट आहे. २४ ओहमची कॉइल १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेते, २ ओहमची सहा अँपिअर मागेल आणि ईसीयूतला ड्रायव्हर, म्हणजे व्हॉल्व्हला अर्थिंग जोडणारा-तोडणारा भाग, त्यात जळू शकतो. दोष फक्त गरम झाल्यावर येत असेल तर इंजिन तापवून, मग बंद करून पुन्हा मोजा.

१२ व्होल्ट येतात का?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. इग्निशन ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर सॉकेटच्या सप्लाय पिनला लावली की १२ व्होल्ट दिसतात आणि आपण सप्लाय ठीक म्हणून पुढे जातो. पण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वायरीची एकच तार उरली असली तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं, आणि व्हॉल्व्ह जोडला की ते कोसळतं. म्हणून त्याच पिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये टेस्ट लॅम्प लावा. ५ वॅटचा बल्ब साधारण व्हॉल्व्हइतकाच करंट घेतो. तो लख्ख पेटला तरच सप्लाय खरा. मिणमिणला तर गंज किंवा अर्धवट तुटलेली वायर शोधा. पेटलाच नाही तर फ्यूज आणि रिले.

ईसीयूची बाजू

आता टेस्ट लॅम्प सॉकेटच्या दोन्ही पिनांमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या जागी लावा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब इथे चुकूनही वापरू नका, तो पावणेदोन अँपिअर खेचतो. इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या, थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. फॅनपासून हात आणि वायरी लांब ठेवा. टेस्ट लॅम्प लुकलुकला तर ईसीयू आणि वायरिंग काम करतंय. नुसतं इग्निशन ऑन करताच टेस्ट लॅम्प सलग पेटून राहिला, तर कंट्रोल वायर कुठेतरी बॉडीला घासून अर्थ झाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी व्हॉल्व्ह सतत उघडा राहतो, आयडलिंग बिघडतं आणि पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नाही.

टेस्ट लॅम्प अजिबात लागला नाही तर इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीयूचं सॉकेट सोडवा आणि कंट्रोल वायरीची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कंटिन्युइटी (वायर अखंड आहे का) मीटरने बघा. ईसीयूवर संशय घ्यायचा तो वायर निर्दोष ठरल्यावरच. सॉकेटमध्ये बाहेरून १२ व्होल्ट कधीच देऊ नका.

दुरुस्तीनंतर

तुटलेली वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी चढवा. पीळ देऊन गुंडाळलेली टेप बॉनेटखालच्या उष्णतेत सुटते. नंतर कोड पुसून इंजिन गरम होईपर्यंत गाडी फिरवा आणि स्कॅनर पुन्हा लावा. विजेचा दोष शिल्लक असेल तर तो सहसा फार वेळ लपून राहत नाही, कधी कधी तर इग्निशन ऑन करताच कोड परत येतो.