रस्ता रुंद करायचा की नाही? भांडायच्या आधी मोजून बघा

रुंदीकरणाचा विषय निघाला की लगेच दोन गट पडतात, एक म्हणतो रस्ता मोठा झालाच पाहिजे आणि दुसरा म्हणतो एक झाड तोडू देणार नाही, पण रोज संध्याकाळी तिथे नेमकं काय होतं हे कोणीच धड सांगत नाही. म्हणून रुंदीकरणावरच्या सभेला जायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी त्या रस्त्यावर काढा.

गर्दीच्या वेळी दोघं-तिघं मिळून जा, १५ मिनिटं मोजा आणि चारने गुणा, तासाचा अंदाज येतो. पण गाड्या नाही, माणसं मोजायची. कारमध्ये एकटाच असेल तर १, बसमध्ये ४० असतील तर ४०. चालणारे आणि सायकलवाले वेगळे लिहा, ते कायम राहून जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, कोंडी सुरू कुठून होते ते शोधा. रांगेच्या शेवटापासून पुढे चालत जा, बहुतेक वेळा तुम्ही चौकातच पोचाल. सलग हिरवा सिग्नल असेल तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० गाड्या निघतात, पण १२० सेकंदांच्या फेरीत तुमच्या बाजूला ३० सेकंदच हिरवा मिळत असेल तर निघणार फक्त ४५०. मग मधला रस्ता कितीही रुंद करा, चौक तेवढ्याच गाड्या सोडणार. तिथे सिग्नलची वेळ, वळणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी लेन, चौकाजवळचं पार्किंग हे आधी बघायला हवं. पण चार लेनचा रस्ता मध्येच थोड्या अंतरासाठी दोन लेनचा होत असेल आणि रांग तिथूनच लागत असेल तर रुंदीकरणाची मागणी रास्त आहे, तिथे उगाच विरोध करू नका.

फायदा टिकेल का हेही विचारा. अमेरिकेत ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद केला, काही ठिकाणी तर २६ लेन, आणि तरी काही वर्षांत गर्दीच्या वेळी परत कोंडी. कारण रस्ता मोकळा दिसला की बसने जाणारे, वेळ बदलून जाणारे, सगळे गाडी घेऊन तिथेच येतात आणि लांब लांब नवीन घरं होतात ती वेगळीच. उलट स्वीडनमधल्या स्टॉकहोमने २००६ मध्ये कामाच्या दिवशी दिवसा शहराच्या मध्यभागात गाडीने ये-जा करायला पैसे लावून बघितले तर तिथली वाहतूक साधारण २० टक्क्यांनी कमी झाली.

सभेत भाषण नको, अधिकाऱ्यांना प्रश्न विचारा. तुमची मोजणी कुठल्या वेळेची? चौकाचं काय करणार? फूटपाथ आत्ता किती, नंतर किती? ज्यांची जागा जाणार त्यांना मोबदला कधी, आधी की काम झाल्यावर? गटारं आणि केबल रस्ता करायच्या आधी टाकणार ना? हा शेवटचा प्रश्न सोडूच नका, नाहीतर नवा रस्ता वर्षभरात परत खोदलेला दिसतो आणि तेव्हा खरंच जीव तुटतो. आणि हे सगळं तुमच्या आकड्यांसकट लेखी द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा, तारखेची पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.