टेक्निकल असिस्टन्सचं इव्हॅल्युएशन: अमेरिकेत मुलांच्या मानसिक आरोग्यात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी

पब्लिक हेल्थ किंवा सोशल वर्कमध्ये मास्टर्स करून अमेरिकेत नोकरी शोधताना 'युथ बिहेवियरल हेल्थ, टीए इव्हॅल्युएटर' (टीए म्हणजे टेक्निकल असिस्टन्स) अशी जाहिरात दिसते आणि नेमकं काय करायचंय तेच कळत नाही म्हणून आपली बरीच मुलं अर्जच करत नाहीत. मी हेच काम करते आणि मनापासून वाटतं की आपल्याकडच्या लोकांनी यात यावं, म्हणून लिहितेय.

आधी यंत्रणा समजून घ्या. गंभीर भावनिक त्रास असलेल्या एका मुलाच्या मागे शाळा, बालकल्याण विभाग, ज्युवेनाइल कोर्ट, क्लिनिक, मेडिकेड (कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) असे सगळे असतात आणि कोण काय करतंय याचा एकमेकांना पत्ता नसतो. या सगळ्यांनी कुटुंबाबरोबर एकत्र बसायचं, मुलाला शक्यतो घरीच, आपल्या वस्तीतच ठेवून मदत करायची, ही 'सिस्टीम ऑफ केअर'ची मांडणी १९८६ सालची. १९९२ च्या कायद्याने त्यासाठी केंद्राचा निधी सुरू झाला आणि तो सॅम्सा या केंद्राच्या मानसिक आरोग्य संस्थेकडून राज्यं, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारख्या), मूळ रहिवाशांच्या ट्राइब्ज यांना मिळतो. पण नुसते पैसे आले म्हणून दोन खाती एकमेकांशी बोलायला लागत नाहीत ना, म्हणून टीए, म्हणजे जाणकार माणसं देऊन यंत्रणेलाच शिकवायचं, हाताला धरून बदल करवून घ्यायचा. सगळ्यांसाठी खुला वेबिनार हा वरवरचा प्रकार, ठरावीक राज्यांचा गट करून शिकवणं हा मधला, आणि एकाच राज्याबरोबर महिनोन्महिने कोचिंग हा सगळ्यात सखोल.

याचा उपयोग झाला का, हे शोधणं आपलं काम. वेबिनारनंतरच्या फॉर्मवर बहुतेक जण 'समाधानी' वर टिक करतात, त्यावरून फारसं काही कळत नाही. कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या तुम्ही शिकला असाल: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम झाला का. बरेच रिपोर्ट पहिल्या दोनवर अडकतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट तिसरीपासून सुरू होते.

ती दिसते कागदांत. समजा काउंटीला रॅपअराउंडचं, म्हणजे मूल, कुटुंब आणि त्यांची जवळची माणसं यांची टीम करून एकच प्लॅन आखायच्या पद्धतीचं कोचिंग मिळालंय, तर नावं खोडलेले आधीचे आणि नंतरचे केअर प्लॅन मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. जुन्यात असतं 'आठवड्यातून एकदा थेरपी, आईने पेरेंटिंग क्लास पूर्ण करावा', सह्या सगळ्या ऑफिसवाल्यांच्या. कोचिंग मुरलं असेल तर नव्यात 'रात्री घरात वाद पेटला की मुलाने मावशीकडे जायचं, तिने हो म्हटलंय' असं काहीतरी सापडतं, टीमच्या यादीत मावशी आणि बास्केटबॉलचा कोच असतो, उद्दिष्टं मुलाच्या स्वतःच्या शब्दांत असतात. मग डब्ल्यूएफआय-ईझेडसारख्या फिडेलिटी सर्व्हेचे (रॅपअराउंड ठरल्या पद्धतीने होतंय का ते मोजणाऱ्या) आकडे याच्याशी जुळतात का ते बघा, न जुळले तर तिथेच खणा.

टीए देणाऱ्यांच्या नोंदींवर पहिल्या महिन्यातच बसा हो. 'झूम कॉल, एक तास, विषय क्रायसिस सर्व्हिस' या नोंदीचा वर्षभराने काडीचा उपयोग नसतो. कोण हजर होतं, काय ठरलं, पुढचं पाऊल कोणाचं, एवढं तरी हवंच. माणसंही बदलतात इथे, शिकवलेला संचालक नोकरी सोडून जातो आणि सगळं पहिल्यापासून, त्यामुळे तीच व्यक्ती आहे का हेसुद्धा नोंदवा.

आणि श्रेय देताना जपून. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलांसाठी मोबाइल क्रायसिस (संकटाच्या वेळी मुलापर्यंत येणारं पथक) आणि रॅपअराउंड पद्धतीचं केअर कोऑर्डिनेशन मेडिकेडमधून मिळायला लागलं त्यामागे 'रोझी डी.' खटल्याचा २००६ चा निकाल होता. अशा राज्यात सेवा वाढल्या की 'आमच्या टीएमुळे' असं लिहिणं चुकीचं आहे. टीएने नेमका कुठे हातभार लावला, कुठला नियम लिहायला, कुठल्या लोकांना तयार करायला, तेवढंच दाखवा. त्यासाठी मुलाखती घ्याव्या लागतात, आणि कुटुंबांना किंवा तरुणांना मुलाखतीला बोलावलं तर त्यांच्या वेळेचे पैसे द्या, ते बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा. छोट्या काउंटीत आकडा दोन-तीनवर आला की मूल ओळखू येतं, तो आकडा छापू नका.

नोकरीचं म्हणाल तर अशी बरीच सेंटर विद्यापीठांत असतात आणि विद्यापीठांना एच-वन-बीच्या लॉटरीची मर्यादा लागू नसते, तिथे आधी बघा. अर्जाबरोबर स्वतः केलेलं एक लॉजिक मॉडेल (कुठल्या कामातून कुठला बदल अपेक्षित आहे याचा तक्ता) आणि दोन पानी रिपोर्ट जोडा. गावाकडे एखाद्या संस्थेत आशाताईंच्या ट्रेनिंगनंतर उपकेंद्रात काय बदललं हे तुम्ही पाहिलं असेल, तर रेझ्युमेत ते 'व्हॉलंटियर वर्क'खाली ढकलू नका, वर घ्या आणि मुलाखतीत सविस्तर सांगा, कारण ते हेच काम आहे.