कयाक घ्यायचीय? आधी पाणी कुठलं ते सांगा

कोणती कयाक (एक-दोन जणांनी बसून वल्हवायची अरुंद बोट) घेऊ असं कुणी विचारलं की मी उलट दोनच गोष्टी विचारतो, रविवारी जाणार कुठे आणि राहता कितव्या मजल्यावर. लोकांना वाटतं टाळतोय. पण खरंच, ऐंशी टक्के निवड या दोन उत्तरांतच होऊन जाते, कंपनी आणि रंग वगैरे नंतरचं.

मजल्याचं आधी बघू कारण ते पटकन संपतं. प्लास्टिकची ११-१२ फुटी सिंगल कयाक साधारण २२ ते ३० किलो भरते आणि ती लिफ्टमध्ये मावत नाही. तळमजला, पार्किंगमध्ये भिंतीलगत जागा, गाडीवर रॅक आणि उचलायला दुसरा माणूस हे सगळं असेल तरच तिचा विचार करा. नसेल तर हवेची कयाक, म्हणजे पिशवीत घालून डिकीत टाकायची, काठावर जाऊन पंपाने फुगवायची. हिला लोक उगाच खेळणं समजतात. स्विमिंग पूलवाल्या पातळ हवेच्या बोटी वेगळ्या आणि ड्रॉप-स्टिच तळाच्या वेगळ्या, या दुसऱ्या प्रकारात आत हजारो दोरे विणलेले असतात त्यामुळे जास्त दाबाची हवा भरता येते आणि तळ फळीइतका कडक होतो. एकच कटकट, घरी आणून पूर्ण वाळवायलाच लागते, ओली गुंडाळून ठेवली की आपल्या हवेत बुरशी ठरलेली.

आता पाणी.

पुण्या-मुंबईच्या बहुतेकांचं पाणी म्हणजे धरणाचं बॅकवॉटर. पवना, मुळशी, पानशेत, भंडारदरा, लांब जायची तयारी असेल तर कोयनेचं शिवसागर, बामणोली-तापोळा बाजू. (उतरायच्या आधी गावात किंवा धरणाच्या चौकीवर विचारून घ्या, सगळीकडे परवानगी नसते.) इथे लाटांपेक्षा त्रास देतो तो वारा. सकाळी सातला आरसा असतो आणि उन्हं चढली की घाटाच्या बाजूने वारा सुरू होतो, आणि जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर असतो हे निघताना कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून इथे बोट सरळ चालली पाहिजे. लांबी जास्त तितकी बोट सरळ आणि वेगात जाते, रुंदी जास्त तितकी कमी डुलते पण प्रत्येक वल्ह्याला जास्त जोर लागतो, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानातलं निम्मं बोलणं कळतं. तास-दीड तास काठाकाठाने फिरायचंय, फोटो काढायचेत, मासे धरायचेत तर १० फूट लांब आणि ३० इंचाच्या आसपास रुंद बोट झकास. पण या टोकापासून त्या टोकाला जायचंय, तंबू टाकून राहायचंय तर १२ ते १४ फुटी आणि २४ ते २६ इंच रुंद बघा, सुरुवातीला डुगडुगते पण थोड्या दिवसांत सवय होते. हवेची घेत असाल तर खाली लावायचं उभं पातं, म्हणजे फिन किंवा स्केग, आहे ना ते बघा, कारण ती पाण्यावर उंच बसते आणि वारा तिला आडवी ढकलत नेतो.

आणि एक गोष्ट जी विकणारे सांगत नाहीत. आत बसायच्या ज्या स्वस्त, छोट्या, रुंद कयाक असतात त्यात बऱ्याचदा आतून आडवी भिंत म्हणजे बल्कहेड नसते. अशी कयाक पाण्याच्या मधोमध उलटली की पूर्ण पाण्याने भरते आणि खोल पाण्यात एकट्याने ती रिकामी करणं जवळपास अशक्य आहे. काठापासून पोहत जाता येईल इतक्यातच वापरणार असाल तर ठीक, मोठ्या धरणावर नको म्हणजे नको. त्यापेक्षा वर बसायची, सिट-ऑन-टॉप घ्या. तिच्या आरपार भोकं असतात, आलेलं पाणी आपोआप खाली जातं, पडलात तरी पोटावर झोपून परत चढता येतं. तारकर्ली-देवबागला भाड्याने मिळतात त्या बहुतेक याच प्रकारच्या, कारण पर्यटक पडणारच हे त्यांना माहितीये!

खाडीचं गणित वेगळं. कर्ली नदी, देवबागचा संगम किंवा गोव्यात साळ नदी, चोडणच्या कांदळवनाची बाजू, इथे बोटीआधी भरती-ओहोटीची वेळ बघायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात ओढतं आणि खाडीच्या मुखाशी बाहेर जाणारी ओहोटी आत येणाऱ्या लाटांना भिडली की तिथे जे उभं राहतं त्यात नवख्याने जाऊच नये, बोट कितीही महाग असली तरी. कांदळवनाच्या अरुंद फाट्यांतून फिरायला छोटी, पटकन वळणारी ९-१० फुटी बरी, १४ फुटी घेऊन गेलात तर वळवता वळवता फांद्या अंगावर. हवेची बोट इथे मी तरी नेणार नाही. मुळांवर आणि खडकांवर कालवं असतात, ब्लेडसारखी धार असते त्यांना. प्लास्टिकवर ओरखडा उठतो फक्त. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, विशेषतः रडरची म्हणजे सुकाणूची वायर आणि स्क्रू.

उघड्या समुद्रासाठीची खरी सी-कयाक १५ ते १८ फूट लांब, २०-२४ इंच रुंद, पुढे-मागे बंद कप्पे, आणि बुड गोलसर असतं. ही शांत पाण्यात अस्थिर वाटते पण लाट बाजूने आली की तीच सांभाळते, उलट सपाट बुडाची बोट शांत पाण्यात खाटेसारखी स्थिर आणि लाटेवर मात्र लाटेच्या उतारासकट कलंडते. म्हणून दुकानाबाहेरच्या टाकीत बसून 'अरे ही तर हलतच नाही' यावर भुलू नका. समुद्रात जायचे महिने साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी, खारे वारे सुरू व्हायच्या आत परत. नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाला असं म्हणतात ते कोळ्यांच्या होड्यांसाठी, आपल्या प्लास्टिकच्या बोटीसाठी नाही.

आता खळाळतं पाणी, म्हणजे कोलाडची कुंडलिका नदी. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटतं त्यावर ही नदी वाहते म्हणून तिथे सकाळी जोर असतो. या पाण्याची कयाक ६ ते ९ फुटी, दोन्ही टोकं वर वळलेली, जागच्या जागी गर्रकन फिरते आणि धरणावर नेलीत तर सरळ एक वल्हं जात नाही. ही पहिली बोट म्हणून घेऊच नका. आधी कोलाड किंवा ऋषिकेशला शिका, उलटल्यावर बोटीतच बसून सरळ व्हायचं ते रोलिंग जमू दे, मग बघू.

वजनाचं नीट वाचा. कंपनी लिहिते १५० किलो, तो आकडा बोट बुडायच्या जरा अलीकडचा समजा. दोन तृतीयांश धरा म्हणजे १०० किलो, त्यात तुम्ही ८५ आणि जॅकेट, पाणी, डबा, तंबू मिळून १५ झाले, संपलं.

दोघांची घेऊ का? मागच्याने पुढच्याच्या लयीत वल्हवायचं असतं, आणि घरात कोण कुणाच्या लयीत चालतं ते तुमचं तुम्हाला माहीत. एकट्याने मागे बसून नेली तर नाक वर उचललं जातं आणि वाऱ्यात भिरभिरते, त्यामुळे मधल्या जागी सीट सरकवता येते का विचारा.

बजेट ओढाताणीचं असेल तर बोट थोडी साधी घ्या पण वल्हं हलकं घ्या, दिवसभर हजारो वेळा उचलायचं असतं ते. रुंद बोटीला २३०-२४० सेंटीमीटर, अरुंदला २१०-२२० पुरतं. लाइफ जॅकेटवर काटकसर नाही, पोहता येत असलं तरी.

सेकंडहँड मिळत असेल तर उलटी करून बघा. मागच्या टोकाचं बुड ओढून ओढून झिजलेलं असतं, भोकांच्या कडेला बारीक तडे असतात. आत टॉर्च मारा. मग कमरेइतक्या पाण्यात नेऊन मुद्दाम उलटवा आणि परत चढून दाखवा स्वतःलाच, मालक कुरकुरला तरी चालेल, आणि चढता आलं नाही तर भाव कितीही पडला तरी ती बोट तुमची नाही.